लडाखांतील पोथ्या आणि पँगाँग सरोवर

हिमालयाची यात्रा म्हणजे बदरीकेदार, असाच समज आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामुळें वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आम्हीं सपत्नीक लडाखची वाट धरली, तेव्हां वडील बंधूंनीं विचारलें, "त्या मठांत आपलें काय आहे?" त्या वेळीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

लेह सुमारें ११,५०० फूट उंचीवर आहे. विमानानें एकदम उतरणारानें पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहावें. विरळ हवेची संवय होण्यास तेवढा अवधि लागतो. तिसऱ्या दिवशीं सिंधूच्या कांठचा आल्चीचा मठ पाहिला. तेथें अवलोकितेश्वर, मैत्रेय व मंजुश्री यांच्या उंच मूर्ति असून अवलोकितेश्वराच्या धोतरावर चक्क काश्मिरांतील देवालयें व प्रासाद रंगविलेले आहेत. परंपरेप्रमाणें या मठाचा संबंध रिन्‌चेन झांगपो (९५८–१०५५) यांच्याशीं जोडतात. त्यांनीं अनेक संस्कृत ग्रंथ तिबेटी भाषेंत उतरविले.

पुढें ठिकसे येथें गेलों. डोंगरउतारावर चढत गेलेल्या या मठांत मैत्रेयाची सुमारें ४९ फुटी मूर्ति आहे; पण आमचे पाय अडले ते ग्रंथांच्या फडताळांपाशीं. लांबट सुटीं पानें, वर-खालीं लांकडी फळ्या, भोंवतीं वस्त्र! आमच्या आजोबांच्या पोथ्या अगदीं अशाच बांधलेल्या होत्या. बुद्धवचनांचा संग्रह तो कंग्युर व शास्त्रग्रंथांचा तो तंग्युर, असें एका वृद्ध लामांनीं हिंदींत समजाविलें. जें मेघदूत आम्हीं तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें, त्याचेंहि भाषांतर तंग्युरांत आहे. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचे सर्ग अठ्ठावीस. संस्कृतांत त्याचा उत्तरार्ध लुप्त झाला, तिबेटींत मात्र तें समग्र आहे. येथील गांवकरी हे ग्रंथ पाठीवर घेऊन शेतांभोंवतीं मिरवितात. त्यायोगें पीक चांगलें येतें, अशी त्यांची श्रद्धा.

हें ऐकून आमची मान खालीं गेली. वाडा सोडून नव्या घरीं जातांना जागेअभावीं आम्हीं आजोबांच्या पोथ्यांचे दोन गठ्ठे रद्दींत घातले होते. त्यांत काय होतें, तें उघडूनहि पाहिलें नाहीं.

पँगाँगच्या वाटेवर साडेसतरा हजार फुटांहून उंच असा 'चांग ला' घाट लागतो. तेथें सौभाग्यवतीचें मस्तक असें ठणकूं लागलें, कीं हा घाट तिला मुळींच 'चांगला' वाटला नाहीं! आम्ही क्षणभरहि न थांबतां खालीं उतरलों. सरोवर सुमारें १४,००० फुटांवर, लांबी १३४ किलोमीटर. त्याचा मोठा भाग तिबेटांत आहे. ऊन फिरेल तसें पाणी निळें, हिरवें, करडें होतें. ओंजळ तोंडाला लावली, तों खारट! पाणी येतें, पण बाहेर जाण्यास वाट नाहीं; वाफ उडून जाते आणि क्षार मागें उरतात.

विद्येचेंहि असेंच नव्हे काय? पूर्वजांनीं ती परक्यांच्या हातीं मोकळेपणानें दिली, म्हणून ती उरली. आम्हीं माळ्यावर कोंडली, ती गेली.

घरीं येतांच उरलेला एक गठ्ठा खालीं काढला, झाडला, आणि जाणत्या संशोधकांच्या स्वाधीन केला. वडील बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर आतां आमच्यापाशीं आहे. वाचकहो, आपल्या माळ्यावरहि एकवार पाहाल ना?