बाद झाल्यानंतरचा एक श्वास



वसतिगृहातील आमच्या मुली कबड्डी खेळतात, हे आपण जाणताच. पकड झाली की मुलगी बाहेर बसते आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आत येते. खरे नुकसान या बसण्याच्या वेळात होते. झालेली पकड मनात घोळत राहते, श्वास चढलेलाच राहतो. पाड्यावरून प्रथमच तालुक्याला आलेल्या मुलीला तर वाटते, आपण इथल्या नाहीच.

यावर मोठे खेळाडू एखादी ठरलेली छोटी कृती करतात. टेनिसपटू राफेल नदाल पाण्याच्या दोन बाटल्या खुर्चीपुढे ठेवत असे, लेबले कोर्टाकडे करून. जिंकलो काय, हरलो काय, हे करतोच. मग ही अंधश्रद्धा कशी, असे त्याने आत्मचरित्रात विचारले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जिम लोअर यांनी दोन गुणांमधल्या 16 सेकंदांसाठी क्रमच बसवला: आधी ताठ चाल, मग अंग सैल, मग पुढचा बेत, शेवटी नेहमीची कृती.

मंडळीतील काहींनी मला विचारले, हा गंडादोराच नाही का? गंडा हरवला की धीर जातो. श्वास कुठे हरवणार? (लाल रिबिनीशिवाय न खेळणारी एक मुलगी आहे. तिची रिबीन मी काढून घेत नाही.)

आमच्या मुली लांब श्वास सोडतात, केस घट्ट बांधतात आणि पुढची चढाई कोणत्या कोपऱ्यावर करायची, एवढेच ठरवतात. सामन्यात हे आपोआप व्हावे म्हणून सरावात मी त्यांना मुद्दाम बाद देऊन बाहेर बसवते. त्या चिडतात.