एका खोलीतल्या फाईलला परदेशवारी कशाला?
लेखमाला : आपलं जाळं, भाग ६

मागच्या आठवड्यात आपण राउटरला तीन-चार यंत्रं जोडली आणि प्रत्येकाचा पत्ता कसा पाहायचा ते शिकलो. जाळं तयार आहे. आज त्यावरून फाईल न्यायची, तीही वेगवेगळ्या जातीच्या यंत्रांमध्ये.

समजा, कौंडण्यपुरातलं एखादं झेरॉक्सचं दुकान आहे. आषाढीसाठी रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरकडे निघायच्या दिवसांत तिथे पत्रकं, पावत्या, फोटो यांची घाई आहे. पत्रक विंडोज ११च्या लॅपटॉपवर तयार होतं. फोटो अँड्रॉइड फोनमध्ये आहेत. प्रिंटर जोडलाय जुन्या कॉम्प्युटरला आणि त्यावर लिनक्स मिंट आहे. विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, विंडोज ११ त्या यंत्रावर चढत नाही; चालतं यंत्र भंगारात टाकण्यापेक्षा लिनक्स टाकणं शहाणपणाचंच.

आता लॅपटॉपवरचं पत्रक चार हातांवरच्या प्रिंटरकडे कसं जातं? बहुतेक ठिकाणी व्हॉट्सॲपने. म्हणजे फाईल दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत त्याच खोलीत येते. नेट गेलं की काम अडतं. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं आणि छपाईत अक्षरं अस्पष्ट येतात. शिवाय गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची प्रत कुणाच्या तरी चॅटमध्ये पडून राहते. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. लोक विश्वासाने कागद हातात देतात, तो कागद दुकानाबाहेर जायचं कारणच नाही. राउटर चालू असला की बास. या कामाला इंटरनेटचा एक एमबीही लागत नाही.

यंत्रांची बोली वेगळी असली तरी फाईल मागायची एक सामाईक रीत आहे, तिचं नाव एसएमबी. ती १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. ती लिनक्सकडे आली अँड्र्यू ट्रिजेल यांच्यामुळे. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना, १९९१च्या अखेरीस, त्यांनी तारेवरून जाणारे निरोप न्याहाळून ही रीत उलगडली आणि स्वतःचा प्रोग्राम लिहिला. त्यातूनच पुढे ‘सांबा’ उभं राहिलं. युरोपीय आयोगाच्या निकालानंतर मायक्रोसॉफ्टला या रीतीची माहिती खुली करावी लागली आणि डिसेंबर २००७मध्ये सांबाच्या मंडळींना दहा हजार युरो भरून अधिकृत कागदपत्रं मिळाली. आज आपण सांबा फुकट वापरतो, त्यामागे एवढे कष्ट आहेत.

इथे एक शंका हमखास येते. लिनक्सची डिस्क विंडोज वाचू शकत नाही, मग ही फाईल कशी उघडणार? रेशन दुकानात आपण गोदामात शिरत नाही, काउंटरवर मागतो. आत पोती कशी रचलीत याच्याशी आपलं देणंघेणं नसतं. तसंच इथे. डिस्क लिनक्सच वाचतं, विंडोजच्या हाती फक्त फाईल येते. डिस्क थेट जोडून जे जमत नाही ते जाळ्याला जमतं ते यामुळे.

आता प्रत्यक्ष काम. जे यंत्र दिवसभर चालू असतं, त्यावर सामाईक फोल्डर ठेवा. आपल्या दुकानात ते मिंटचं. त्यावर सांबा टाका, ‘दुकान’ नावाचं एकच फोल्डर बनवा आणि तेवढंच शेअर करा, अख्खी डिस्क नाही. सांबाचा पासवर्ड वेगळा नेमावा लागतो. लिनक्सचा लॉगिन पासवर्ड आपोआप चालत नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन मिंटच्या यंत्राचा पत्ता टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. नाव-पासवर्ड दिला की फोल्डर समोर. फोनवर नेटवर्क स्टोरेजची सोय असलेलं फाईल मॅनेजर घ्या. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये ती सोय आधीच आहे. उलट बाजूने, विंडोजचं फोल्डर शेअर करत असाल तर चार आकडी पिन चालणार नाही, खात्याचा पूर्ण पासवर्डच लागेल.

लाईन जाऊन आली की राउटर नव्याने पत्ते वाटू शकतो आणि काल सापडणारं फोल्डर आज सापडत नाही. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये त्या यंत्राचा पत्ता कायमचा राखून ठेवा.

फाईलच्या नावांचंही भान हवं. वऱ्हाडात नेहमी मागितला जाणारा कागद म्हणजे ७/१२, आणि नेमकं हेच नाव फाईलला देता येत नाही. ती तिरपी रेघ विंडोजला वर्ज्य आहे आणि लिनक्समध्ये ती फोल्डरची हद्द असते. सरळ ‘सातबारा’ लिहा. लिनक्सवर नावात विसर्गासारखी दोन टिंबं किंवा प्रश्नचिन्ह टाकलं तर तिथे चालतं, पण विंडोजवर तीच फाईल विचित्र, तोडक्या नावाने दिसते.

शेवटी सुरक्षा. २७ जून २०१७ला ‘नॉटपेट्या’ व्हायरसच्या हल्ल्यात न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. हा व्हायरस ज्या वाटांनी यंत्रांमध्ये पसरत गेला, त्यातली एक वाट होती एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतली त्रुटी. तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या यंत्रांत ही वाट उघडी राहिली. म्हणून जुना स्कॅनर चालवण्यासाठी कुणी ‘एसएमबी १ चालू करा’ म्हणालं, तर ऐकू नका. बिनपासवर्डचा शेअर ठेवू नका. आणि गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचं असेल तर राउटरमधलं गेस्ट नेटवर्क द्या, दुकानाचं नको.

या आठवड्याचा अभ्यास : दोन वेगळ्या जातीची यंत्रं घ्या, राउटरची इंटरनेटची तार काढा आणि एक फाईल इकडून तिकडे न्या. गेली, तर तुमचं जाळं स्वतःच्या पायावर उभं राहिलं. पुढच्या भागात याच फोल्डरची रोज रात्री आपोआप दुसरी प्रत कशी काढायची ते पाहू, कारण सगळ्यांच्या फाईली एका डिस्कवर आल्या की ती डिस्क जपणं हे पहिलं काम होतं.