मोकळा की थांब?

आपल्याकडे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या बाईनं 'अहो, जरा हळू' म्हटलं, की पुढचं ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागते. 'तू गप्प बस गं, गाडी मी चालवतोय ना?' हे वाक्य कराडपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही गाडीत ऐकू येईल. आमच्याही गाडीत पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. फ्रान्समध्ये मात्र शेजारच्या माणसानं गप्प बसून चालणारच नव्हतं. आणि शेजारी बसले होते हे!

आम्ही इंग्लंडात लेस्टरला राहतो. निवृत्तीनंतर युरोप फिरायचं म्हणून ह्यांनी हौसेनं कॅम्परव्हॅन घेतली. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. मागे पलंग, दोन शेगड्या, छोटा फ्रीज, डोक्यावर कपाटं. पण २०२३च्या डिसेंबरात ह्यांना अचानक फिट आली. औषधं सुरू झाली आणि डॉक्टरांनी बजावलं, वर्षभर गाडी चालवायची नाही. दारातल्या त्या व्हॅनकडे हे बघायचेसुद्धा नाहीत. मला ते बघवेना. मी रोज कामावर गाडी नेते, पण ही व्हॅन कधी चालवली नव्हती. दोन महिने गावातल्या गावात सराव केला आणि म्हटलं, "मी चालवते, तुम्ही बसा." प्रवासाला डॉक्टरांची हरकत नव्हती. २०२४च्या सप्टेंबरात निघालो.

आता खरी गंमत सांगते. इंग्लंडात आपल्यासारखंच आहे, गाडी रस्त्याच्या डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मध्याकडे असतो. समोरून काय येतंय ते त्याला आधी दिसतं. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात. आपली गाडी तीच, गिअर डाव्या हातालाच, पण रस्ता उलटा. त्यामुळे ड्रायव्हर जाऊन बसतो गटाराच्या कडेला, आणि रस्त्याच्या मध्याशी येतो शेजारचा माणूस. पुढे ट्रक असला तर त्याच्या पलीकडचं मला काही म्हणजे काही दिसत नाही. दिसतं ते ह्यांना.

स्वीडनमध्ये तर अख्ख्या देशाची अशी पंचाईत होती. तिथे रस्त्याच्या डावीकडून चालायचं, पण बहुतेक गाड्यांची स्टिअरिंगही डावीकडेच! शेवटी ३ सप्टेंबर १९६७च्या पहाटे सगळ्या देशाची वाहतूक एकदम उजवीकडे नेली. आम्हाला काही ती सोय नव्हती.

तेव्हा आधी घरीच ठरवलं, की ह्यांनी बोलायचं ते काय बोलायचं. पहिल्यांदा वाटलं, 'जा' आणि 'जाऊ नको' पुरेल. स्वयंपाकघरात खुर्च्या मांडून तालीम केली तेव्हा लक्षात आलं, दोन्हीची सुरुवात 'जा'नंच होते! इंजिनाच्या आवाजात 'ऊ नको' ऐकूच आलं नाही तर? मग शब्द बदलले. 'मोकळा' आणि 'थांब'. बाकी तिसरं काही बोलायचं नाही. 'बहुतेक', 'बघ बाई', 'चल लवकर' हे तर मुळीच नाही. आणि 'थांब' म्हटलं की थांबायचंच, पण 'मोकळा' म्हटलं तरी मला जायचं नसेल तर मी जाणार नाही, त्यावरून वाद नाही. ह्यांनी मान्य केलं. जरा उशिरा केलं, पण केलं.

निघायच्या आधीची कामंही बरीच असतात. आपले दिवे डाव्या कडेला प्रकाश टाकतात. फ्रान्समध्ये तोच समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून दिव्यांवर स्टिकर चिकटवायचे. मागे 'यूके'ची खूण हवी, २०२१पासून जुनी 'जीबी' चालत नाही. धोक्याचा त्रिकोण हवा आणि चमकणारी जाकिटं हाताशी हवीत, मागच्या कपाटात नव्हे. गाडीची उंची मीटरमध्ये लिहून मी समोर चिकटवली, कारण तिथल्या कितीतरी पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरच्या आसपास आडवी दांडी असते. खाण्याचं म्हणाल तर इंग्लंडातून तिकडे मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तुपाची बरणी घरीच राहिली. भाजणी आणि गोडा मसाला मात्र आला!

फोकस्टनला गाडीसकट आगगाडीत शिरायचं, पस्तीस मिनिटांत समुद्राखालून कॅले. तिथून मोटरवेवर काही कठीण नाही, सगळे एकाच दिशेनं जातात. फक्त रस्त्याला लागताना गाड्या डावीकडून येतात आणि आमच्या व्हॅनला मागे डावीकडे खिडकीऐवजी कपाट आहे. तिथेही 'मोकळा' आणि 'थांब'च कामाला आलं. टोलनाक्याची खिडकी डावीकडे, म्हणजे ह्यांच्या बाजूला. मागे मी पर्समधून सुटे काढून द्यायची आणि हे भरायचे. आता पर्सच ह्यांच्या मांडीवर!

चौक आला की मी मोठ्यानं म्हणायची, "माझा खांदा गवताला." ड्रायव्हर कडेला म्हणजे गाडी बरोबर बाजूला. वर्तुळाकार चौकात आधी डावीकडे बघायचं आणि उजवीकडून वळसा घ्यायचा. गर्दीत चुकायची भीती कमी असते, पुढच्याच्या मागे जायचं. जपायचं ते सकाळी सामसूम कॅम्पमधून बाहेर पडताना किंवा पेट्रोल भरून निघताना. समोर एकही गाडी नसते आणि हात जुन्या सवयीनं डावीकडे वळायला बघतात. म्हणून किल्ली फिरवायच्या आधी दोघांनी 'उजवीकडे' म्हणायचं, असा नेम ठेवला. चहा न पिता निघालो असलो तरी हा नेम चुकवला नाही.

तिथे आणखी एक नियम आहे. जिथे काही पाटी नाही, तिथे उजव्या गल्लीतून येणाऱ्याचा पहिला हक्क, मग ती गल्ली केवढीशी का असेना. इथे मात्र आमची उलटी गाडी उपयोगी पडली. मी उजव्या कडेलाच बसलेली, गल्लीतलं मला आधी दिसायचं.

जपायची दुसरी गोष्ट म्हणजे दार. व्हॅनचं सरकतं दार डावीकडे. इंग्लंडात ते फुटपाथकडे उघडतं, फ्रान्समध्ये भर रस्त्यात! ह्यांचंही दार त्याच बाजूला. नीट पार्किंगची जागा मिळाल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, अगदी बेकरी समोर दिसली तरी.

बोनच्या आसपास द्राक्षांची तोडणी चालू होती. दोनपदरी रस्ता, पुढे द्राक्षांनी भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर. थेट आपल्या उसाच्या ट्रॉलीची आठवण झाली. मी मुद्दाम बरंच अंतर ठेवलं. चिकटून गेलं की उलट काहीच दिसत नाही, मागे राहिलं की डाव्या कडेचा रस्ता थोडा तरी उलगडतो. मागे तीन गाड्या साचल्या. एकानं हॉर्न दिला.

"थांब," हे म्हणाले.

मला तर रस्ता रिकामा वाटत होता. पाय तसाच धरून ठेवला. दोन क्षणांत ट्रॅक्टरच्या आडून एक पांढरी गाडी सुसाट आली आणि ह्यांच्या खिडकीजवळून निघून गेली. दोघंही काही बोललो नाही. हातांना घाम सुटला होता.

पुढे सरळ रस्ता आला. ह्यांनी मान बाहेरच्या बाजूला झुकवली, नीट बघितलं, घाई केली नाही.

"मोकळा."

मी इंडिकेटर दिला, जराशी बाहेर सरकले, स्वतः बघितलं आणि गेले. ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. त्यानंतर ह्यांनी कितीतरी महिन्यांनी स्वतःहून नकाशा मांडीवर उघडला आणि म्हणाले, "अगं, पुढे कालव्याकाठी मुक्काम करता येईल."

बाराव्या दिवशी परत फोकस्टनला उतरलो. पुन्हा डावी बाजू! तिथेही पहिला तासभर मी सावकाशच चालवली. हे लेस्टरपर्यंत 'मोकळा' म्हणत होते, मला सगळं दिसत असूनही. मी म्हणू दिलं. घरी आल्यावर दिव्यांवरचे स्टिकर काढले, पण चिकटा काही निघेना. शेवटी खोबरेल तेलाचा बोळा फिरवला, तेव्हा काचा स्वच्छ झाल्या.