'काहीतरी चुकलं' म्हणजे नेमकं काय चुकलं? कस्टम एक्सेप्शन समजून घेऊ

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय कस्टम एक्सेप्शन. आधी गोष्ट सांगतो, मग कोड.

मी हिंगोलीचा. जुलै २०२१, नोकरी नवीनच होती. सोबत वसमतकडच्या एका हळद व्यापाऱ्यासाठी छोटं पेमेंट ॲप बनवलं होतं. शेतकऱ्यानं खातं भरायचं, बटण दाबायचं, हळदीचे पैसे खात्यात. एके दिवशी एका काकांचा फोन आला, "पोरा, चार दिवस झाले. तुझं ॲप म्हणतंय काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. खतवाला दारात उभाय, अजून किती प्रयत्न करू?"

लॉग उघडला तर तिथंही तेच वाक्य. मीच लिहिलेलं! सगळा कोड एका ट्रायमध्ये आणि खाली एकच एक्सेप्ट. नेट गेलं काय, खातं चुकलं काय, उत्तर एकच.

खरं कारण असं होतं: काकांचं खातं सिंडिकेट बँकेचं. ती १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून तिचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. काकांनी हजारदा बटण दाबलं असतं तरी पैसे गेले नसते. आणि माझी तपासणी काय बघायची? ११ अक्षरं आहेत का, पाचवं शून्य आहे का. जुना कोड त्यात आरामात पास!

मग पायथनमध्ये 'पेमेंट एरर' नावाचा क्लास केला. तो एक्सेप्शनपासून इनहेरिट होतो, आत फक्त 'पास'. त्याची दोन लेकरं: 'जुना कोड एरर' आणि 'उत्तर आलं नाही एरर'. कोडची सुरुवात एस-वाय-एन-बी असेल तर पहिला रेज करायचा. तो पकडला की स्क्रीनवर: "बँकेचा कोड बदललाय, नवीन कोड टाका."

दुसऱ्यात खरी जोखीम आहे. बँकेकडून उत्तर आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असं नाही. तिथं पुन्हा पाठवलं तर डबल पेमेंट! म्हणून आधी स्टेटस विचारायचं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, एक्सेप्ट लिहिताना लेकरं आधी, आई-बाप नंतर. उलटं केलं तर आई-बापच सगळं पकडतात. दोन, नवीन एरर रेज करताना 'फ्रॉम' लावून मूळ एरर जोडा, म्हणजे लॉग वाचणाऱ्याला खरं कारण स्पष्ट कळतं.

आणि हो, उठसूट क्लास काढू नका. पकडणारा काही वेगळं करणार असेल, तरच नवीन एक्सेप्शन. नाहीतर व्हॅल्यू एरर आहेच की.

काकांनी नवीन कोड टाकला आणि पैसे जमा झाले. तुमच्या कोडमध्ये 'काहीतरी चुकलं' किती ठिकाणी लिहिलंय, ते आज शोधाच. भेटू पुढच्या भागात!