संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो तेव्हा

निकालपत्रके व विद्यार्थ्यांच्या नोंदी ही कामे हल्ली पुष्कळ शिक्षक रात्री घरच्या संगणकावर उरकतात. मागे एका द्विशिक्षकी शाळेच्या भेटीस गेलो असता तेथील मुख्याध्यापिकाबाईंनी आपली अडचण सांगितली. काम चालू असता त्यांचा संगणक एकाएकी बंद पडे व कोणी हात न लावता पुन्हा सुरू होई. चौथीचे गुण तीन वेळा नव्याने भरावे लागले होते. दुरुस्तीकाराने मदरबोर्ड बदलावयास सांगितले होते व बाईंनी त्यासाठी पैशांची तजवीजही चालविली होती.

मी त्यांना एवढेच विचारले की, हे किती वाजता घडते? बाईंना सांगता येईना. तेव्हा आठ दिवस वहीत वेळ टिपून ठेवावी असे सुचविले. (विद्यार्थ्याच्या गैरहजेरीचे कारण आपण हजेरीपटावरूनच शोधतो ना?) आठ दिवसांत सहा वेळा संगणक बंद पडला, त्यांपैकी पाच वेळा सायंकाळी, शेजारची पिठाची गिरणी सुरू होण्याच्या सुमारास. गिरणीची मोटार सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंद होई. संगणकास जोडलेल्या यू.पी.एस.ची बॅटरी चार वर्षांची होती. संगणक रीतसर बंद करून यू.पी.एस.ला साधा दिवा जोडला व भिंतीतील प्लग काढला, तो दिवा तत्काळ विझला. दाब उतरताच यू.पी.एस. बॅटरीकडे वळे आणि बॅटरीत तर काहीच उरले नव्हते! बारा व्होल्टची नवी बॅटरी बसविली. मदरबोर्ड होता तोच आजही चालू आहे.

संगणक असा का वागतो हे समजून घेण्यासारखे आहे. त्याच्या पेटीतील एस.एम.पी.एस. हा भाग घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टचा स्थिर पुरवठा तयार करतो. या मुख्य दाबांत साधारण ५ टक्क्यांहून अधिक फरक पडलेला चालत नाही. पुरवठा ठीक असल्याचा जो संकेत मदरबोर्डास सतत मिळत असतो तो थांबला की प्रोसेसर काम टाकून देतो. संकेत परतला की प्रारंभापासून सुरुवात करतो. दिव्याचे केवळ लुकलुकणे होते, तेथे संगणकाची सारी स्मृती पुसली जाते.

दुसरे कारण उष्णता. संगणक अर्धा तास थांबविल्यावर बराच वेळ चालतो, पण लगेच सुरू केल्यास लवकर बंद पडतो, असे आढळल्यास प्रोसेसरवरील पंखा पाहावा. खडूची धूळ आपल्या परिचयाची आहेच. वीज काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. रॅमची पट्टी सैल असल्यासही हा प्रकार घडतो; ती काढून पुन्हा नीट बसवावी. विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ हे साधन तिची तपासणी करते.

वीज व उष्णता निर्दोष असतील तर दोष प्रणालीत शोधावा. बिघाड होताच आपोआप पुन्हा सुरू व्हावे अशी विंडोजची मूळ योजना असते. त्यामुळे चुकीची सूचना वाचण्यापूर्वीच नाहीशी होते. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ येथील ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ ही खूण काढल्यास ती पडद्यावर टिकून राहते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये १०७४ हा क्रमांक असेल तर कोणी तरी आज्ञा देऊनच संगणक पुन्हा सुरू केला, बहुधा अद्ययावतीकरणासाठी. ४१ हा क्रमांक मात्र रीतसर बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला इतकेच सांगतो. का झाला ते सांगत नाही. तो पाहून घाईने एस.एम.पी.एस. बदलणारे मी पाहिले आहेत. विषाणूची शंकाही अगदीच अनाठायी नव्हे: ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या उपद्रवाने असंख्य संगणक साठ सेकंदांची पूर्वसूचना देऊन पुन्हा पुन्हा सुरू होत असत.

कोणत्याही तपासणीपूर्वी निकालाची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. एस.एम.पी.एस.ची पेटी मात्र शिक्षकाने उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील धारित्रांत विजेचा भार काही काळ राहतो, आणि त्याचा धक्का जिवावर बेतू शकतो.