जालक-निरीक्षण

जालक-निरीक्षण : संगणक जालकातील स्विच, रूटर, सर्व्हर, अखंड वीजपुरवठा संच इ. उपकरणांची स्थिती मध्यवर्ती ठिकाणाहून ठराविक काळाने विचारून घेणे, मिळालेल्या उत्तरांची कालक्रमाने नोंद ठेवणे आणि बिघाडाचे चिन्ह दिसताच संबंधितांना इशारा देणे, या कार्यास जालक-निरीक्षण म्हणतात. यासाठी सर्वाधिक प्रचारात असलेला नियमसंच ‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’ हा असून तो एसएनएमपी या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

स्विच हे इमारतीतील संगणक, मुद्रक, कॅमेरे इ. साधने तारांनी एकत्र जोडणारे उपकरण आहे. एका पोर्टमधून आलेले पॅकेट ज्या साधनासाठी असेल, त्याच्याच पोर्टकडे तो ते पाठवितो. स्विच पूर्णपणे बंद पडल्यास ते लगेच लक्षात येते. तथापि एखादी तार सदोष होणे, एखादा मार्ग दिवसेंदिवस अधिक भरत जाणे, पंखा बंद पडून तापमान वाढणे असे बिघाड हळूहळू वाढतात आणि त्यांची चिन्हे स्विचच्या स्मृतीत आधीपासून नोंदलेली असतात. ती वेळीच वाचणे हा निरीक्षणाचा हेतू होय. मात्र निरीक्षण-यंत्रणा विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते. म्हणून काय विचारावे, किती वेळाने विचारावे आणि उत्तर न आल्यास त्याचा अर्थ काय लावावा, हे ठरविणे हाच या विषयाचा गाभा आहे.

इतिहास : १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जालके झपाट्याने वाढली आणि निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच पद्धतीने तपासता यावीत अशी गरज निर्माण झाली. १९८७ मध्ये रूटरांच्या देखरेखीसाठी एसजीएमपी हा नियमसंच प्रसिद्ध झाला. त्यावरून जेफ्री केस, मार्क फेडर, मार्टिन शॉफस्टॉल व जेम्स डेव्हिन यांनी तयार केलेला एसएनएमपी ऑगस्ट १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी तो तात्पुरता उपाय मानला गेला होता व पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या चौकटीतील अधिक व्यापक पद्धती स्वीकारावी, असा विचार होता. प्रत्यक्षात साधेपणामुळे हा तात्पुरता उपायच टिकून राहिला. १९९६ मध्ये त्याची ‘२सी’ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि २००२ मध्ये सुरक्षिततेची तरतूद असलेली तिसरी आवृत्ती अंतिम मानक स्वरूपात आली.

भारतात शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे जालक १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून उभे राहिले. त्यात मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व भारतीय तंत्रविद्या संस्था यांचा सहभाग होता. शासकीय कार्यालयांसाठी केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जालकांची योजना मंजूर केली. राज्य मुख्यालयापासून जिल्ह्यामार्गे तालुका पातळीपर्यंत सेकंदास किमान २ मेगॅबिट क्षमतेची जोडणी देणे, हे तिचे उद्दिष्ट होते. जालकाच्या कामगिरीवर देखरेख ठेवण्यासाठी त्रयस्थ लेखापरीक्षक नेमण्याची तरतूदही तीत होती. त्यामुळे जालक-निरीक्षणाच्या नोंदी तंत्रज्ञांच्या सोयीपुरत्या न राहता सार्वजनिक पैशाच्या हिशेबाचा भाग बनल्या.

कार्यपद्धती : प्रत्येक स्विचमध्ये एक लहान आज्ञावली सतत चालू असते, तिला एजंट म्हणतात. मध्यवर्ती संगणकावरील आज्ञावलीला व्यवस्थापक म्हणतात. व्यवस्थापक प्रश्न पाठवितो व एजंट उत्तर देतो. हे संदेश सामान्यतः यूडीपी पद्धतीने पोर्ट क्रमांक १६१ कडे जातात. (येथे पोर्ट म्हणजे तार जोडण्याची जागा नसून संदेश कोणत्या आज्ञावलीसाठी आहे हे दर्शविणारा क्रमांक होय.) एजंटाला एखादी घटना आपण होऊन कळवावयाची असल्यास तो ‘ट्रॅप’ नावाचा संदेश क्रमांक १६२ कडे पाठवितो. ट्रॅपची पोच मिळत नसल्याने तो वाटेत हरवल्यास कोणासही कळत नाही. म्हणून केवळ ट्रॅपवर विसंबून न राहता नियमित पृच्छा करणे आवश्यक असते.

विचारता येण्यासारख्या प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक-मालिका दिलेली असते. या मालिका वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे मांडलेल्या असून त्यांच्या सूचीला व्यवस्थापन माहितीकोश म्हणतात. उदा., १.३.६.१.२.१.२.२.१.१०.७ या मालिकेचा अर्थ ‘सातव्या अनुक्रमांकाच्या जोडणीतून आत आलेल्या एकूण बाइटांची संख्या’ असा होतो. शेवटचा अंक बदलला की दुसऱ्या जोडणीची माहिती मिळते. काही स्विचांमध्ये पुन्हा सुरू केल्यावर हे अनुक्रमांक बदलतात, त्यामुळे एका पोर्टचा आलेख दुसऱ्याच्या नावावर चढू शकतो. यासाठी प्रत्येक पोर्टला स्विचवरच अर्थपूर्ण नाव देऊन त्या नावाने नोंद ठेवणे श्रेयस्कर असते.

गणित्रे व कालांतर : स्विच वाहतुकीचा वेग सांगत नाही, तो फक्त एकूण मोजणी सांगतो. विजेच्या मीटरवरील दोन वाचनांची वजाबाकी करून वापर काढावा, त्याप्रमाणे गणित्राच्या दोन वाचनांतील फरकास मधल्या काळाने भागून वेग काढावा लागतो. जुनी गणित्रे ३२ द्विमान अंकांची असल्याने ४,२९,४९,६७,२९५ या आकड्यानंतर ती पुन्हा शून्यावर येतात. सेकंदास १०० मेगॅबिट वेगाने पूर्ण भरलेल्या मार्गावर हे सु. ३४४ सेकंदांत घडते, म्हणून दर ५ मिनिटांनी वाचन घेतल्यास हिशेब जमतो. परंतु १ गिगॅबिट वेगाच्या मार्गावर तेच गणित्र सु. ३४ सेकंदांत शून्यावर येते व दोन वाचनांमध्ये ते किती वेळा फिरले हे कळण्यास मार्ग उरत नाही. आलेख मग प्रत्यक्षापेक्षा फार कमी वाहतूक दाखवितो आणि भरून गेलेला मार्ग रिकामा भासतो. यावर उपाय म्हणून ६४ अंकी गणित्रे वापरतात. १ गिगॅबिट वेगाला ती एकदा पूर्ण फिरण्यास ४,६०० वर्षांहून अधिक काळ लागेल. पहिल्या आवृत्तीच्या एसएनएमपीत ही गणित्रे वाचता येत नाहीत, हे ती आवृत्ती टाळण्याचे एक कारण आहे. स्विच किती काळ चालू आहे हे दर्शविणारा आकडाही ३२ अंकी असून तो शतांश सेकंदात मोजला जातो. त्यामुळे तो सु. ४९७ दिवसांनी शून्यावर येतो व स्विच नुकताच सुरू झाला असा गैरसमज होऊ शकतो.

कालांतराचा दुसरा परिणाम सरासरीवर होतो. ५ मिनिटांपैकी ३० सेकंद मार्ग पूर्ण भरलेला व उरलेला वेळ रिकामा असल्यास आलेखात केवळ १० टक्के वापर दिसतो. वापरणाऱ्यास त्या ३० सेकंदांत आलेली अडचण खरी असते आणि आलेखही खोटा नसतो. फक्त प्रश्न फार विरळ विचारलेला असतो.

मुक्तस्रोत आज्ञावल्या : ज्यांचा मूळ मजकूर कोणासही पाहता, बदलता व वाटता येतो अशा मुक्तस्रोत आज्ञावल्यांनी या क्षेत्रात मोठे कार्य केले आहे. टोबियास ओटिकर यांनी इंग्लंडमधील एका विद्यापीठात सेकंदास ६४ किलोबिट क्षमतेच्या एकमेव बाह्य मार्गाचा वापर सर्वांना दिसावा, म्हणून १९९४–९५ मध्ये एमआरटीजी ही आज्ञावली लिहिली. तीतूनच पुढे कालक्रमिक नोंदी ठराविक जागेत साठविणारी आरआरडीटूल ही आज्ञावली १९९९ मध्ये निघाली. नेट-एसएनएमपी हा संच प्रश्न विचारण्याची मूळ साधने पुरवितो. कॅक्टी मुख्यतः आलेखांसाठी, नेगिऑस मुख्यतः इशाऱ्यांसाठी, तर लॅटव्हियात सुरू झालेली झॅबिक्स व २०१३ पासूनची लिब्रेएनएमएस या दोन्ही कामांसाठी वापरतात. या आज्ञावल्यांना परवाना-शुल्क नसले, तरी त्या चालविण्यास जाणकार मनुष्यबळ लागतेच.

यंत्रणेची उभारणी : नाशिक जिल्ह्याच्या रचनेवरून ही कल्पना स्पष्ट करता येईल. या जिल्ह्यात १५ तालुके आहेत. निफाड, सिन्नर यांसारखे तालुके सपाटीवर, तर सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी हे डोंगराळ भागात आहेत. नाशिक येथे मध्यवर्ती केंद्र व प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात २४ पोर्टांचे तीन स्विच आहेत असे मानल्यास एकूण १,०८० पोर्ट होतात. प्रत्येक पोर्टची आत व बाहेर जाणारी वाहतूक, दोन्ही दिशांच्या चुका, टाकून दिलेली पॅकेटे व चालू-बंद स्थिती अशी सहा मूल्ये दर ५ मिनिटांनी घेतल्यास ६,४८० मूल्ये, म्हणजे सेकंदास सु. २२ मूल्ये होतात. हे काम एखादा साधा संगणकही करू शकतो. एका तालुक्याच्या वाट्यास काही दहा हजार बाइट येतात. सेकंदास २ मेगॅबिट क्षमतेचा मार्ग ५ मिनिटांत साडेसात कोटी बाइट वाहून नेऊ शकत असल्याने निरीक्षणाचा भार नगण्य ठरतो.

प्रथम सर्व उपकरणांची यादी व जोडण्यांचा नकाशा तयार करतात. कोणता स्विच कोणत्या मार्गामागे आहे हे ठाऊक नसल्यास पुढील सर्व काम अपुरे राहते. नंतर स्विचवर एजंट सुरू करून त्याने केवळ मध्यवर्ती संगणकालाच उत्तर द्यावे असे बंधन घालतात. नेट-एसएनएमपीमधील ‘एसएनएमपीवॉक’ या आज्ञेने उत्तरे येतात की नाही हे पडताळतात आणि मगच निरीक्षण-आज्ञावलीत स्विचची नोंद करतात. सर्व उपकरणांची घड्याळे एकाच प्रमाणवेळेशी जुळविणेही आवश्यक असते, अन्यथा दोन ठिकाणच्या घटनांचा क्रम लागत नाही.

इशाऱ्यांची मांडणी हा उभारणीचा सर्वांत नाजूक भाग होय. सुरगाण्याचा मार्ग तुटल्यास त्यामागील तिन्ही स्विच एकाच वेळी निरुत्तर होतात. अवलंबित्वाची नोंद केलेली असल्यास आज्ञावली मार्गाबद्दल एकच इशारा देते. ती केलेली नसल्यास इशाऱ्यांचा पाऊस पडतो व वारंवार असे झाल्यावर कर्मचारी त्यांकडे लक्ष देईनासे होतात. तसेच निरुत्तर राहणे म्हणजे बंद पडणे असे नेहमीच नसते. वीज गेली असेल, मार्ग तुटला असेल, परवलीचा शब्द बदलला असेल किंवा संदेश केवळ वाटेत हरवला असेल. म्हणून एकापाठोपाठ दोन-तीन पृच्छा निष्फळ ठरल्यावरच इशारा देतात. इशारा तुटलेल्या मार्गानेच पाठविल्यास तो पोहोचत नाही, याकरिता भ्रमणध्वनीसारखा स्वतंत्र मार्ग योजतात. मध्यवर्ती संगणक स्वतः बंद पडला तर ते सांगणारी दुसरी सोयही असावी लागते.

वाहतुकीच्या आलेखापेक्षा चुकांची गणित्रे पुष्कळदा अधिक उपयुक्त ठरतात. तारेचे एक टोक एकाच वेळी दोन्ही दिशांनी, तर दुसरे टोक आळीपाळीने संदेश पाठविण्यासाठी लावले गेल्यास जोडणी ‘चालू’ दिसते, पण काम अत्यंत मंद चालते. अशा वेळी वाढत जाणाऱ्या चुकांचा आकडाच दोषाचे ठिकाण दाखवितो.

सेवेच्या हिशेबासाठी उपलब्धतेची टक्केवारी काढतात. महिन्यात ९९ टक्के उपलब्धता ही उत्तम वाटते. परंतु ३० दिवसांच्या महिन्यात उरलेला एक टक्का ७·२ तासांचा असतो. तो रात्री विखुरला गेला तर कोणाचे फारसे अडत नाही. तोच सलग कामाच्या वेळात आल्यास तालुक्याच्या कार्यालयाचा जवळजवळ एक पूर्ण दिवस वाया जातो आणि उताऱ्यासाठी वा दाखल्यासाठी दुरून आलेल्या माणसास परत जावे लागते. म्हणून टक्केवारीबरोबर बिघाडाची वेळ व कालावधी यांची नोंद जपणे इष्ट ठरते. जुन्या नोंदींची सरासरी करून त्या आटोपशीर करताना कमाल मूल्ये वेगळी राखली नाहीत, तर हा पुरावा नष्ट होतो.

सुरक्षितता : पहिल्या दोन आवृत्त्यांत ‘कम्युनिटी’ नावाचा परवलीचा शब्द उघड्या स्वरूपात जातो व पुष्कळ उपकरणांत तो ‘पब्लिक’ वा ‘प्रायव्हेट’ असा कारखान्यातच ठरविलेला असे. लेखनाचा अधिकार असलेला शब्द परक्याच्या हाती गेल्यास तो स्विचची मांडणीच बदलू शकतो. २००२ मध्ये फिनलंडमधील ऊलू विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक कंपन्यांच्या एसएनएमपी आज्ञावल्यांतील गंभीर दोष उघड केले. लहान प्रश्नाला मोठे उत्तर मिळत असल्याने खोट्या पत्त्यावरून प्रश्न पाठवून तिसऱ्याच जालकावर संदेशांचा मारा करण्यासाठीही उघड्या एजंटांचा वापर झाला आहे. तिसऱ्या आवृत्तीत विचारणाऱ्याची ओळख पटविता येते व मजकूर कूटबद्ध करता येतो. केवळ वाचनाचा अधिकार देणे, निरीक्षणासाठी वेगळे आभासी जालक ठेवणे व न लागणारे एजंट बंद करणे हे इतर उपाय होत.

मर्यादा : एसएनएमपीचा उपयोग मुख्यतः वाचनासाठीच होतो. उपकरणांची मांडणी बदलण्याच्या कामी तो रुजला नाही व त्यासाठी २००६ मध्ये नेटकॉन्फ हा वेगळा नियमसंच आला. मोठ्या केंद्रांत उपकरणांनीच दर काही सेकंदांनी माहिती पाठवीत राहण्याची पद्धती वाढत आहे. तरीही जुन्यानव्या व निरनिराळ्या बनावटींच्या स्विचांना समजणारी समाईक भाषा म्हणून एसएनएमपीचे स्थान टिकून आहे. कोणत्याही पद्धतीत यंत्र केवळ आकडे देते. त्यांतील बदल ओळखणारा, इशारा मिळताच जागेवर पोहोचणारा व नकाशा अद्ययावत ठेवणारा माणूस नसेल, तर पूर्ण झालेली नोंदही निरुपयोगी ठरते.