वळसा विमान घालत नाही, नकाशा दाखवतो

मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान एवढं उत्तरेला का जातं, सरळ पश्चिमेला गेलं तर इंधन वाचणार नाही का? कितीदाही उत्तर द्या, हा प्रश्न परत येतोच. सोबत तयार खुलासाही असतो: महासागर टाळायचा असतो, खाली जमीन हवी असते. नाही हो! तो उत्तरेकडचा रस्ताच मुळात जवळचा आहे.

भिंतीवरच्या नकाशात दोन्ही शहरं सरळ रेघेनं जोडली, तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये शिरते. ही वाट सुमारे १४,२०० किलोमीटरची. आता ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकतो: मॉस्को, हेलसिंकीच्या आसपास, आइसलँडच्या दक्षिण भागावरून, ग्रीनलँडच्या टोकाजवळून खाली न्यूयॉर्क. दोऱ्याची लांबी भरते साधारण साडेएकोणतीस सेंटीमीटर, म्हणजे १२,५३० किलोमीटर. तब्बल १,६७० किलोमीटर कमी! या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात.

दोऱ्यावर विश्वास नसेल तर गणित करा. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. गोलीय त्रिकोणमितीनं पृथ्वीच्या केंद्राशी कोन येतो ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, गुणाकार तुम्हीच करा. भिंतीवरचा तसा नकाशा गेरार्डस मर्केटरनं १५६९ साली केला तो खलाशांसाठी, होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावं म्हणून. त्यात ६० अंश अक्षांशावरची अंतरं विषुववृत्ताच्या मानानं दुप्पट ताणलेली दिसतात. त्यावर पट्टी ठेवून अंतर मोजणं थांबवा, एवढीच विनंती आहे.

मात्र विमान नेमकं तेवढंच उडतं, हाही गैरसमज. वारा आणि हवाई हद्दी वाट बदलायला लावतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा हे अनेकांनी अनुभवलं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को बृहद्वृत्तानं १२,४०० किलोमीटरच्या आत आहे. तरी ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचं विमान पॅसिफिकवरून सुमारे १५,३०० किलोमीटर उडून साडेचौदा तासांत पोचलं. अटलांटिकवरच्या जुन्या वाटेपेक्षा अंतर जास्त, पण पाठीशी वारा असल्यानं वेळ कमी.

उंचीमुळे अंतर खूप वाढतं? अकरा किलोमीटर उंचीवर मुंबई-न्यूयॉर्कमध्ये जेमतेम बावीस किलोमीटरची भर पडते. पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेचा प्रवास लवकर होतो? हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. उलट तिकडे जाताना समोरून वारा असल्यानं वेळ जास्तच लागतो. आणि एकाच प्रवासाला कुठे ६,७७० मैल, कुठे ७,७९० मैल लिहिलेलं दिसलं तर कोणी चुकलेलं नाही: पहिले सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचे, दुसरे रस्त्यावरचे, १.६०९ चे.